जाड सेलच्या जागी पेन्सिल सेल

मित्रांनो, माझ्या पाठीला एक झाकण आहे. ते सरकवलं की आत चार जाड सेलांची जागा दिसते. मी रेडिओ आहे, आता बराच म्हातारा. विजेच्या तारेशी माझा काही संबंध नाही. जे काही बोलायचं ते या चार सेलांच्या जोरावर. मला घडवणाऱ्यांनी ही जागा नीट मापून केली. टोकांना ताठ स्प्रिंगा दिल्या. कुणाची चूक होऊ नये म्हणून आत सेलाचं चित्रही कोरलं. यापेक्षा स्पष्ट मी आणखी कसं सांगू? पण आमच्या शफीकमियांना ते चित्र कधी दिसलंच नाही. त्यांच्यापायी मी जेवढा वैतागलो, तेवढा दुसरा कोणता रेडिओ वैतागला असेल असं मला वाटत नाही.

शफीकमियां हिवरखेडचे पिंजारी. गाद्या, रजया, उशा भरून द्यायच्या, आणि जुन्या गादीतला दगडासारखा झालेला कापूस यंत्रावर पिंजून पुन्हा हलका करायचा, हा त्यांचा धंदा. एकदा यंत्राचा पट्टा आणायला ते अकोल्याला गेले आणि पट्ट्याऐवजी मला घेऊन आले. दुकानात मी कापसाचे भाव सांगत होतो, तेवढ्यावरच ते भाळले.

"पट्टा कुठी आहे?" त्यांच्या बायकोनं, रजियाबींनी, दारातच विचारलं.

"जुनाच शिवून घेऊ. चालते ना! तू हे आईक, कसा खणखणीत बोलते."

रजियाबी दोन दिवस धड बोलल्या नाहीत. पण गाणी लागली की त्यांची शिलाई मशीन आपोआप थांबायची, हे मी फळीवरून पाहत होतो.

ती वर्षं चांगली गेली. दुकानात उंच फळीवर माझी जागा होती. समोरच्या घरातले चंद्रभानभाऊ शेतावरून आले की पायरीवर बसत आणि भाव ऐकत. शफीकमियांची लेक लुबना कापसाच्या ढिगावर लोळत माझ्याबरोबर बोलायची. घरात तिची उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी तिनं माझ्याकडून उचलली. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज ती इतका हुबेहूब काढायची, की रस्त्यानं जाणारे लोक थांबून आत डोकावत.

शफीकमियांचा माझ्यावर विश्वास तर विचारूच नका. आभाळ निरभ्र असो, मी पाऊस सांगितला की ते वाळत टाकलेला कापूस गोळा करायला धावत. कुणी हसलं तर म्हणत, "रेडिओत सांगतलं ना बाप्पा!" आणि तिथं वाद संपायचा. बायकोचं ऐकणार नाहीत, मित्राचं ऐकणार नाहीत, पण माझं मात्र ऐकायचे. एवढा मान मला मिळाला, हे मी नाकारत नाही.

मग दिवस फिरले. कापसाला भाव मिळेना. बोंडांत अळी पडायची, नाहीतर पाऊस दगा द्यायचा. मी ज्या बातम्या देऊ लागलो, त्या ऐकून चंद्रभानभाऊ हात वर करून म्हणायचे, "बंद कर रे शफीक, नाई आईकवत." ज्या गावानं गाड्याच्या गाड्या कापूस पिकवला, त्या गावात रजई नव्यानं भरून घ्यायला कुणाच्या हाताशी काही उरेना. लोक फाटक्या रजईवर लुगडं शिवून भागवू लागले. त्यात वीज अर्धा अर्धा दिवस गायब. यंत्र बंद, धंदा बंद. शफीकमियां माझ्यासमोर बसून राहत.

आणि रिकामा बसलेला माणूस काटकसर शोधतो.

आधी त्यांनी माझे संपलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायला सुरुवात केली. तापलेला सेल जरा वेळ बोलतो, हे खरं. मग तो चिकटतो, पाझरतो आणि माझ्या स्प्रिंगांना गंज लावतो. तेही मी सोसलं. पण एक दिवस ते तेल्हाऱ्याहून हसत हसत आले आणि खिशातून चार पेन्सिल सेल काढले. बोटाएवढे!

"हे त्या घड्याळातले सेल ना?" रजियाबी म्हणाल्या. "ते रेडिओत काहून बसतीन?"

"बसवनारा पाहिजे! जोर सारखाच असते दोघायचा. दुकानदारानं सांगतलं. मंग जाड सेल कायले घ्या?"

मित्रांनो, दुकानदार खोटं बोलला नव्हता. जोर सारखाच असतो. पण जाड सेलाचं पोट मोठं असतं, पेन्सिल सेलाचं इवलंसं. हळू आवाजात एकट्यानं ऐकायचं असेल तर तो बिचारा काही दिवस भागवतो. आवाज वाढवला की त्याला धाप लागते. आणि मुळात तो माझ्या जागेत बसतच नाही! शफीकमियांनी काय केलं, तर प्रत्येक सेलाला जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून जाड केलं. लांबीला कमी पडले, तिथं सिगारेटच्या पाकिटातल्या चमकीचे गोळे कोंबले. झाकण लागेना, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. मी बोललो. काय करणार, जोर पोचला की बोलावंच लागतं.

"पाय! चालते ना!" शफीकमियांनी मांडीवर थाप मारली. साऱ्या गल्लीला त्यांनी ती करामत बोलावून बोलावून दाखवली.

तेव्हापासून माझी दशा सुरू झाली. कुणी फळीला धक्का दिला की चमकी सरकायची आणि मी वाक्य अर्धवट सोडायचो. भाव सांगताना आकडाच गायब व्हायचा. हवामान सांगताना 'पावसाची शक्यता' म्हणून मी गप्प, आणि आहे की नाही ते कुणालाच कळायचं नाही. मग शफीकमियां माझ्या पाठीत बुक्की घालत. बुक्की मला! चंद्रभानभाऊ कपाळाला हात लावत. "अरे, एका खेपेले जाड सेल आनून टाक ना बाप्पा." पण शफीकमियांना त्या करामतीचा इतका अभिमान, की जाड सेल विकत घेणं म्हणजे त्यांना हार वाटायची.

ही काटकसर माझ्यापुरती असती तर मी आज बोललो नसतो. पिंजताना कापसाची बारीक धूळ उडते. पूर्वी शफीकमियां नाकातोंडावर चांगल्या मलमलीचा पदर करून बांधत, आणि ती मलमल दर हंगामाला नवी घेत. आता तिच्या जागी जुन्या बनियनची चिंधी आली, विरलेली, भोकं पडलेली. त्यांना खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. दुकानावरच्या घराचा जिना चढले की उंबऱ्यावर बसून श्वास गोळा करत.

"अकोल्याच्या दवाखान्यात दाखवून या," रजियाबी म्हणत.

"पिंजाऱ्याले खोकला राहतेच. माह्या बापालेही होता."

"तुमचे अब्बा कितव्या वर्षी गेले, तेही सांगा!"

यावर ते माझा आवाज वाढवत.

लुबना तोवर अमरावतीच्या कॉलेजात शिकत होती. रजियाबींची धाकटी बहीण गजाला तिथं राहते, तिच्याकडे. सुट्टीत ती घरी आली की बापामागं लागायची. तिनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. एकदा जेवणाचं ताट सारून उठली. शफीकमियांनी ते ताट पुन्हा तिच्यापुढं ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि दवाखान्याला गेले नाहीत ते नाहीतच.

एका दुपारी चंद्रभानभाऊंच्या घरी लुबनाचा फोन आला. भाऊ धावतच दुकानात आले. "शफीक, पोट्टी रेडिओत येऊन राहिली! तरुणायच्या कार्यक्रमात. तिचं भाषन घेतलं त्यायनं. शुक्रवारी संध्याकाळी लागनार हाय. अन् तिनं बजावून सांगतलं, अब्बाले म्हना शेवटपर्यंत आईकजा."

शफीकमियां उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मित्रांनो, ती नजर मी विसरणार नाही. ज्या फळीवर बसून मी या मुलीला बोलायला शिकवलं, त्याच फळीवरून आता तिचा आवाज निघणार होता.

त्यांनी सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं. रजियाबींनी ओट्याला पाणी मारलं, सतरंजी झटकली आणि शुक्रवारी सकाळी नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आजच्या दिवस जाड सेल आना. मी हात जोडते."

"नवे पेन्सिल सेल घालतो ना. कोरे करकरीत! चालते..."

"आज नाई चालनार," रजियाबी म्हणाल्या. "आज काई सांगू नका मले."

त्यांनी नवे पेन्सिल सेलच घातले. नवी गुंडाळी केली, चमकीचे नवे गोळे केले, वर दोन रबरं चढवली. आपण केवढी खबरदारी घेतली, असा त्यांचा चेहरा होता. मी ओरडून सांगणार तरी कसा?

संध्याकाळी वीज नव्हतीच. ओट्यावर बायका, पायरीवर पुरुष, मुलं खिडकीत. म्हाताऱ्या जाईबाईंना कमी ऐकू येई, म्हणून शफीकमियांनी माझा आवाज टोकापर्यंत पिळला. सेलांना तेव्हाच धाप लागली, मला आत जाणवलं. कार्यक्रमाचं संगीत वाजलं, निवेदिकेनं नाव घेतलं, आणि लुबना बोलू लागली.

"मी हिवरखेडची. माझे वडील कापूस पिंजतात."

टाळ्याच पडल्या. शफीकमियांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. लुबना सांगत होती, की जुना झाला म्हणून कापूस कधी मरत नाही. तो दबतो, घट्ट होतो, पण त्याला मोकळं करणारा हात भेटला की पुन्हा ऊब देतो. म्हणून जुनी गादी उकिरड्यावर फेकू नका. चंद्रभानभाऊंनी शफीकमियांच्या पाठीवर थाप दिली. त्या धक्क्यानं शफीकमियां खोकू लागले. खोकता खोकता त्यांचा खांदा फळीला लागला.

आणि माझा आवाज घोगरा झाला. मग बसला. मग गेला.

शफीकमियांनी बुक्की घातली. दुसरी घातली. रबरं ओढली तशी ती तुटली, झाकण उडालं, आणि गुंडाळ्या सुटून पेन्सिल सेल यंत्राखाली गडगडत गेले. "थांबा, थांबा, आत्ता होते," म्हणत ते गुडघ्यांवर बसून कापसाच्या कचऱ्यात चमकी चाचपू लागले. लोक एकमेकांकडं पाहत होते. मुलीचं भाषण तिकडं कुठंतरी हवेत चाललंच होतं, फक्त आमच्याकडं येत नव्हतं.

रजियाबी उठल्या. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पदर सावरला, ओटा उतरल्या आणि रस्ता ओलांडून चंद्रभानभाऊंच्या घरात शिरल्या. तिथं भाऊंच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, स्वयंपाक करता करता आपला छोटा रेडिओ लावला होता. त्यात त्याच्या मापाचे सेल होते. रजियाबींच्या मागं जाईबाई गेल्या, मग बायका, मग मुलं, शेवटी चंद्रभानभाऊही. ओट्यावर नुसती सतरंजी राहिली. दुकानात मी, आणि जमिनीवर ओणवे झालेले शफीकमियां.

त्यांना चारही सेल सापडले. मी पुन्हा बोलू लागलो, तेव्हा लोकगीतं लागली होती.

थोड्या वेळानं लोक बाहेर आले. जाईबाई डोळे पुसत होत्या.

"काय म्हनली मंग पोट्टी?" शफीकमियांनी विचारलं.

चंद्रभानभाऊंनी तोंड उघडलं होतं, पण रजियाबी आडव्या आल्या. "कोनीच सांगनार नाई. ज्याले आईकाचं होतं, त्यानं आईकलं."

तुम्हांला वाटेल, राग एखाद्या दिवसात उतरेल. नाही. शफीकमियांनी विनवलं, चिडले, हसूनही पाहिलं. रजियाबी भाकरी वाढत, पाणी देत, पण भाषणाचा शब्द काढत नसत. चंद्रभानभाऊ त्यांना पाहिलं की बैलांना चारा टाकायचं निमित्त करून सटकत. दुकानात येणारी माणसं शफीकमियांकडं जरा जास्तच मायेनं पाहत, आणि त्यानं तर ते आणखी हैराण होत. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हती. तीही त्यांच्याच लेकीची.

शेवटी त्यांनी मला पिशवीत घातलं. "रेडिओच्या स्प्रिंगा सडल्या. अमरावतीले दुरुस्त करून आनतो," असं घरी सांगितलं. स्प्रिंगा गंजल्या होत्याच. पण मांडीवर पिशवी घट्ट धरून एसटीत बसलेल्या त्या माणसाचं लक्ष माझ्या स्प्रिंगांकडं मुळीच नव्हतं. रस्ताभर ते खोकत होते. शेजारच्या प्रवाशानं शेवटी त्यांना आपली पाण्याची बाटली दिली.

गजालाबींच्या घरी लुबनानं दार उघडलं. धापा टाकणाऱ्या बापाला पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. चहा झाला. शफीकमियां कपाकडं पाहत म्हणाले, "चांगलं बोलली तू बेटा. आईकलं आमी."

"सगळं आईकलं?"

"हाव ना. म्हनजे... जुना कापूस फेकू नका म्हनली, तथपर्यंत."

"मंग जे तुमच्यासाठी होतं तेच नाई आईकलं!" लुबनानं पिशवीतून मला ओढून काढलं आणि झाकण उघडलं. गुंडाळ्या, चमकी, गंज. तिनं एक पेन्सिल सेल काढून बापासमोर धरला. "अब्बा, त्या दिवशीही हेच? माझ्या दिवशीही?"

शफीकमियां सांडलेली चमकी गोळा करू लागले.

मग ती त्यांच्यापुढं जमिनीवर बसली आणि बोलू लागली. रेडिओवर बोलली होती तसंच, माझ्याकडून शिकलेल्या मराठीत, पण आवाज फाटत होता. "कापूस पिंजणाऱ्याच्या छातीत कापूस बसतो. माझे अब्बा दिवसभर खोकतात. आम्ही सांगून थकलो. ते माझं ऐकत नाहीत, अम्मीचं ऐकत नाहीत, फक्त रेडिओचं ऐकतात. म्हणून मी आज रेडिओवर आले आहे. अब्बा, दवाखान्यात चला."

मी त्या क्षणी माझा सगळा वैताग विसरलो.

"हे साऱ्या गावानं आईकलं?" शफीकमियांनी विचारलं.

"हो."

"आन मले कोनीच..."

"रजियाआपानंच सगळ्यांना गप्प केलं," गजालाबी म्हणाल्या. "मला फोन केला होता तिनं, लुबनालाही मी सांगितलं नाही. म्हणाली, इथं सांगितलं तर हसण्यावारी नेतील. पण राहवणार नाही त्यांना, विचारायला तुमच्याकडं येतीलच. आले की दवाखाना दाखवल्याशिवाय परत पाठवू नका."

शफीकमियांनी कपाळावरून हात फिरवला. रागावावं की हसावं, ते त्यांना कळेना. शेवटी खोकलाच आला, आणि तो लवकर थांबला नाही. तो थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "चाला मंग."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकर मारायला लावली. कापसाच्या धुळीनं श्वासनळ्या सुजल्या आहेत, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर कठीण होतं, असं ते म्हणाले. त्यांनी तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला. रोज सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, न चुकता. मित्रांनो, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शफीकमियांनी काय विचारावं?

"बेटा, हा पंप एकच खेप ओढला तर नाई का चालनार? दुप्पट दिवस पुरन."

लुबना भर रस्त्यात थांबली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून अशी काही ओरडली, की तिन्ही बाजूंच्या रिक्षा थांबल्या. मी पिशवीत होतो. मला तिचं शंभर टक्के पटलं.

पुढं सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या स्प्रिंगा बदलल्या, जाड सेल आले. शफीकमियांचा खोकला पूर्ण गेला नाही, पण ते पुन्हा न थांबता जिना चढू लागले. नाकावर चांगली पट्टी बांधल्याशिवाय रजियाबी यंत्राची कळ दाबू देत नाहीत. पंप ओढताना त्या समोर उभ्या राहतात आणि दोनदा ओढेपर्यंत हलत नाहीत. लुबना आता अमरावतीच्या एका शाळेत शिकवते. माझ्यावर मात्र धूळ साचली आहे. घरात मोबाइल आले, गाणी त्यांतूनच वाजतात. माझ्या मापाचे सेल दुकानदाराला माळ्यावरून शोधून काढावे लागतात, आणि महिनोन्महिने मला कुणी विचारत नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही.

पण तुम्हांला एक विनंती करतो. काटकसर जरूर करा, तिला माझी हरकत नाही. फक्त ती कशावर करता आहात, ते आधी नीट पाहा. वस्तूला तिच्या मापाचं द्या आणि माणसाला त्याच्या गरजेचं. आणि घरात कुणी कष्टाचं माणूस खोकत असेल, दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याची चप्पल त्याच्या पायांपुढं ठेवा, आणि दार उघडून उभे राहा.